अंतराळ मोहिमेच्या वैद्यकीय जोखीम मॉडेलचं संवेदनशीलता विश्लेषण: पायऱ्या, त्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

गगनयानाची तयारी सुरू झाल्यापासून सोलापुरातल्या अभियांत्रिकी, संख्याशास्त्र आणि वैद्यकीय शाखेच्या मुलांचे या विषयावरचे प्रकल्प माझ्याकडे तपासायला येतात. मॉडेल बहुतेकांचं ठीक असतं. संवेदनशीलता विश्लेषणाचं, म्हणजे कोणतं इनपुट बदललं की मॉडेलचं उत्तर किती हलतं हे तपासण्याचं, प्रकरण मात्र एकाच पद्धतीने चुकतं. प्रत्येक इनपुट दहा टक्के वर, दहा टक्के खाली करायचं, आउटपुट किती हललं त्याचे आडवे पट्टे उतरत्या क्रमाने काढायचे, आणि सर्वांत लांब पट्ट्याला ‘सर्वांत महत्त्वाचा घटक’ म्हणायचं. अशी क्रमवारी औषधपेटीत काय ठेवायचं हे ठरवायला वापरली, तर चुकीची औषधं वर जातील. म्हणून हा लेख. यात सूत्रं कमी आणि क्रम जास्त आहे, कारण चुका क्रमातच होतात.

कोणत्या प्रकारच्या मॉडेलबद्दल बोलतोय ते आधी स्पष्ट करतो. नासाचं ‘इंटिग्रेटेड मेडिकल मॉडेल’ हा याचा ओळखीचा नमुना. शंभर आजार आणि दुखापतींची यादी घेऊन ते मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे दर वेळी यादृच्छिक (कोणताही क्रम नसलेले) आकडे टाकून, हजारो काल्पनिक मोहिमा चालवतं. प्रत्येक मोहिमेत कोणाला काय झालं, ते सौम्य होतं की गंभीर, उपचाराला लागणारं सामान पेटीत शिल्लक होतं का, आणि शेवट काय झाला, याची नोंद होते. त्यातून चार आकडे निघतात: एकूण वैद्यकीय घटना, क्रू हेल्थ इंडेक्स म्हणजे आजारपणात वाया न गेलेल्या कार्यक्षम वेळाचं प्रमाण, तातडीने पृथ्वीवर परतावं लागण्याची शक्यता आणि अंतराळवीर दगावण्याची शक्यता. तुमचं मॉडेल दहा आजारांचं असलं तरी सांगाडा हाच राहतो.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

संगणक उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा. उदाहरणार्थ: ‘चार जणांच्या १८० दिवसांच्या मोहिमेत, ठरलेल्या पेटीसह, तातडीने परतण्याच्या शक्यतेबद्दलची आपली अनिश्चितता प्रामुख्याने कोणत्या माहितीच्या अभावामुळे आहे?’

या वाक्यात चार गोष्टी बांधल्या गेल्या: मोहीम, पेटी, आउटपुट आणि प्रश्नाचा प्रकार. आउटपुट बदललं की क्रमवारी बदलते. पाठदुखी आणि त्वचेवरचे चट्टे वारंवार होतात, त्यामुळे क्रू हेल्थ इंडेक्स हलवायला ते पुरेसे असतात. मृत्यूच्या शक्यतेत त्यांचं नावही दिसत नाही. तिथे क्वचित होणारे, पण झाले तर हाताबाहेर जाणारे आजार वर येतात. ‘मॉडेल कशाला संवेदनशील आहे?’ या मोघम प्रश्नाला म्हणूनच उत्तर नसतं.

पायरी २: इनपुटची यादी करा, एककांसह

प्रत्येक इनपुटसमोर चार रकाने ठेवा: नाव, एकक, आकडा कुठून आला, आणि तो कोणत्या प्रकारचा आहे.

एककांवर सर्वांत जास्त वेळ घालवा. मुतखड्याचा दर ‘प्रतिव्यक्ती-वर्ष’ असतो (एक व्यक्ती एक वर्ष पाहिली की एक व्यक्ती-वर्ष). अंतराळातली मळमळ ही अवकाशाशी जुळवून घेतानाची, पहिल्या दोन-तीन दिवसांतली घटना आहे, म्हणून तिचा आकडा ‘प्रति उड्डाण, प्रतिव्यक्ती’ असा असायला हवा. स्पेसवॉकमधली खांद्याची किंवा नखांची दुखापत ‘प्रति स्पेसवॉक’. या तिन्हींना मोहिमेच्या दिवसांनी गुणलं, तर लांब मोहिमेत मळमळ सगळ्यांच्या वर जाऊन बसते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

चौथा रकाना अनेक जण सोडून देतात. इनपुट दोन प्रकारचे असतात. काही आपल्याला नीट माहीत नसतात: आजाराचा दर, गंभीर प्रकाराचा वाटा, उपचारानंतर बरं व्हायला लागणारे दिवस. काही आपण स्वतः ठरवतो: पेटीत प्रतिजैविकाच्या किती गोळ्या, मोहीम किती दिवसांची, क्रूमध्ये डॉक्टर आहे की नाही. पहिल्यांचं संवेदनशीलता विश्लेषण करायचं. दुसरे पर्याय म्हणून बाजूला ठेवायचे आणि प्रत्येक पर्यायासाठी विश्लेषण वेगळं चालवायचं. दोन्ही एकाच टोपलीत टाकले तर ‘मोहिमेचा कालावधी सर्वांत महत्त्वाचा’ असं उत्तर येतं. ते खरं असतं, पण त्याचा उपयोग शून्य.

*तपासणी:* यादीतल्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवून ‘याबद्दल जास्त माहिती गोळा करता येईल का?’ असं विचारा. उत्तर ‘नाही, हे आपणच ठरवतो’ असेल तर ती ओळ या विश्लेषणातून बाहेर.

पायरी ३: प्रत्येक इनपुटला त्याचा स्वतःचा पल्ला द्या

सगळ्यांना सरसकट उणे-अधिक दहा टक्के, ही या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे. का, ते सरावासाठी घेतलेल्या आकड्यांवर पाहू.

समजा तुमच्याकडे १५० व्यक्ती-वर्षांची नोंद आहे. त्यात त्वचेच्या चट्ट्यांच्या ६० घटना आणि मुतखड्याच्या २ घटना आहेत. पॉयसाँ प्रक्रिया (घटना स्वतंत्रपणे, ठरावीक सरासरी दराने घडतात हे गृहीतक) धरून दराला गॅमा वितरण (शून्याहून मोठ्या आकड्यांसाठीचं वितरण) द्या. जेफ्रीज पूर्ववितरण (नोंदी पाहण्याआधी दराबद्दल फारसं काही माहीत नाही असं मानणारी सुरुवात) घेतलं तर आकार ‘घटना अधिक अर्धा’ आणि दर-प्राचल १५० व्यक्ती-वर्षं. चट्ट्यांचा दर साधारण ०.३१ ते ०.५१ या ९५ टक्के पल्ल्यात येतो, म्हणजे दुपटीपेक्षाही कमी फरक. मुतखड्याचा दर मात्र ०.००२८ ते ०.०४३ असा येतो, जवळपास पंधरापट पसरलेला. दोघांनाही दहा टक्के हलवलंत तर मुतखड्याबद्दलचं अज्ञान तुम्ही गणितातून पुसून टाकलं. मग तो क्रमवारीत वर येणार कुठून?

एकही घटना नोंदली गेलेली नसेल तर दर शून्य धरू नका. शून्य घटनांसाठी ९५ टक्के वरची मर्यादा ढोबळमानाने ३ भागिले निरीक्षणाचा काळ. १५० व्यक्ती-वर्षांत काहीच घडलं नसेल, तरी खरा दर वर्षाला ०.०२ पर्यंत असू शकतो. चार जणांच्या १८० दिवसांच्या मोहिमेत जवळपास दोन व्यक्ती-वर्षं भरतात. म्हणजे ‘कधीच न घडलेला’ आजारही विचारात घ्यावा लागतो. २०२० साली अंतराळ स्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेत रक्ताची गुठळी आढळल्याचं प्रसिद्ध झालं. त्याआधी अनेक याद्यांमध्ये त्या ओळीसमोर शून्यच दिसलं असतं.

इथे सोलापूरकरांसाठी एक खास इशारा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, घाम जातो, पाणी कमी पडतं आणि मुतखड्याचे रुग्ण वाढतात. ‘सिव्हिल’च्या ओपीडीतली किंवा खासगी दवाखान्यातली ही आकडेवारी मिळवणं सोपं असल्याने मुलं ती थेट मॉडेलमध्ये घालतात. तसं करू नका. अंतराळवीर निवडीच्या चाचण्यांतून गाळून आलेले असतात, म्हणून मूळ दर कमी असतो. दुसरीकडे, वजनरहित अवस्थेत नितंबाच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते, ते कॅल्शियम लघवीत उतरतं, आणि पाणीही कमी प्यायलं जातं. म्हणजे कारणांची साखळीच वेगळी. जमिनीवरची माहिती वापरायचीच असेल तर तिला जोडणारा गुणक वेगळं इनपुट म्हणून ठेवा आणि त्याला रुंद पल्ला द्या. पुढे बहुतेकदा हाच गुणक क्रमवारीत वर येतो, आणि तो वर येणं ही कामाची माहिती आहे.

प्रमाणांसाठी, जसं गंभीर प्रकाराचा वाटा, बीटा वितरण (शून्य ते एकमधल्या आकड्यांसाठीचं) वापरा. दोनपेक्षा जास्त शक्यता असतील आणि त्यांची बेरीज एक व्हायला हवी असेल तर डिरिश्ले, म्हणजे बीटाचंच अनेक शक्यतांसाठीचं रूप, वापरा. वेगवेगळे आकडे ओढून नंतर बेरजेने भागू नका, त्याने प्रत्येकाचा पल्ला नकळत बदलतो.

*तपासणी:* पल्ल्यांचा तक्ता वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या कोणाला तरी दाखवा. ‘दाताच्या गळूतून बरं व्हायला शून्य दिवस’ असली टोकं त्यांना एका नजरेत दिसतात.

पायरी ४: दैव आणि अज्ञान वेगळं करा

सगळ्या लेखात एकच पायरी नीट वाचायची असेल तर ही वाचा.

मॉडेलमध्ये अनिश्चितता दोन ठिकाणांहून येते. दर अगदी अचूक माहीत असला तरी या मोहिमेत मुतखडा होईल की नाही हे दैवावर आहे. आणि तो दरच आपल्याला नीट माहीत नाही, हे अज्ञान आहे. माहिती वाढली की अज्ञान घटतं, दैव तसंच राहतं. संवेदनशीलता विश्लेषण अज्ञानाचं करायचं असतं.

म्हणून दोन फेऱ्या लागतात. बाहेरची फेरी इनपुटचा एक संच ओढते. आतली फेरी तो संच स्थिर ठेवून हजारो मोहिमा चालवते आणि एक शक्यता काढते. विश्लेषण त्या शक्यतांवर होतं. प्रत्येक मोहिमेला नवा संच देऊन थेट ‘परतला किंवा नाही’ या एक-शून्य निकालावर इनपुटच्या महत्त्वाचे निर्देशांक काढले, तर दैवाचा गोंगाट सगळं झाकून टाकतो. मग ‘कोणताच घटक महत्त्वाचा नाही’ असा निष्कर्ष निघतो. असे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत.

आतल्या फेरीत किती मोहिमा? शक्यता ०.००५ च्या आसपास असेल तर १०,००० मोहिमांत सुमारे ५० घटना दिसतात आणि प्रमाण-त्रुटी (नमुना मर्यादित असल्याने येणारी चूक) मूळ आकड्याच्या १४ टक्के पडते. एक लाख मोहिमांत ती साडेचार टक्क्यांवर येते. मृत्यूसारख्या अतिदुर्मीळ निकालासाठी हे परवडत नाही. तिथे मृत्यूची चिठ्ठी काढूच नका. मोहिमेत घडलेल्या प्रत्येक घटनेची मृत्यूशक्यता घ्या, एकातून वजा करा, सगळ्यांचा गुणाकार करा, तो गुणाकार पुन्हा एकातून वजा करा आणि अशा आकड्यांची सरासरी काढा. गोंगाट बराच कमी होतो आणि शून्यही येत नाही. ते पुढे पायरी ८ मध्ये लॉग (लॉगॅरिदम) घेताना उपयोगी पडतं.

पायरी ५: यादृच्छिक आकड्यांचे प्रवाह बांधून ठेवा

दोन रनमधला फरक इनपुटमुळे आला पाहिजे, वेगळे आकडे पडल्यामुळे नव्हे. त्यासाठी सगळे एकच सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा) देतात आणि समाधान मानतात. तेवढं पुरत नाही. पहिल्या अंतराळवीराला एक जादा पाठदुखी झाली की तिने एक यादृच्छिक आकडा खाल्ला, आणि तिथून पुढचे सगळे आजार, सगळे अंतराळवीर वेगळ्या आकड्यांवर गेले. सीड एकच, पण मोहीम दुसरीच.

उपाय असा की प्रत्येक मोहीम, प्रत्येक अंतराळवीर आणि प्रत्येक आजार यांच्या प्रत्येक त्रिकुटाला आकड्यांचा स्वतंत्र प्रवाह द्या. पायथनच्या नमपाय या गणिती पॅकेजमध्ये सीडसीक्वेन्सच्या ‘स्पॉन’ सुविधेने हे जमतं.

*तपासणी:* एका आजाराचा दर बदला आणि बाकीच्या आजारांच्या घटना मोजा. पेटीशी संबंध नसलेल्या घटना जशाच्या तशा राहायला हव्यात.

पायरी ६: टोकांवर मॉडेल चालवा

विश्लेषणाआधी तीन पेट्यांसह मॉडेल चालवा: रिकामी पेटी, ठरलेली पेटी, अमर्याद पेटी. नासानेही आपलं मॉडेल अशा तीन स्थितींत चालवून पाहिलेलं आहे. परतण्याची शक्यता रिकाम्या पेटीत सर्वांत जास्त आणि अमर्याद पेटीत सर्वांत कमी यायला हवी. रिकाम्या आणि अमर्याद पेटीत फरकच नसेल तर उपचाराचा धागा कोडमध्ये कुठेतरी तुटलेला आहे. सगळे दर शून्य केले तर क्रू हेल्थ इंडेक्स बरोबर शंभर टक्के यायला हवा, ९९.९७ नव्हे.

इथे काही बिघडलं तर पुढे जाऊ नका. चुकलेल्या मॉडेलचेही सुबक आलेख निघतात.

पायरी ७: चाळणी लावा

दहा आजारांच्या मॉडेलमध्येही चाळीसेक इनपुट सहज होतात. सगळ्यांवर महागडी पद्धत चालवायची गरज नाही. मॉरिस पद्धत १९९१ पासून याच कामासाठी वापरात आहे. ती एका वेळी एकच इनपुट हलवते, पण पल्ल्यातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून. एक मार्ग म्हणजे एक सुरुवातीचा संच आणि मग प्रत्येक इनपुट एकेकदा हलवणं. ३० मार्ग आणि ४० इनपुट असतील तर ३० गुणिले ४१, म्हणजे १,२३० संच लागतात.

निकालात दोन आकडे पाहा: परिणामाच्या केवल मूल्याची सरासरी आणि परिणामाचं प्रमाण विचलन. पहिला लहान असेल तर इनपुट बाजूला काढा. दुसरा मोठा असेल तर ते इनपुट एकतर वक्र वागतंय किंवा दुसऱ्याशी गुंतलंय. नुसत्या सरासरीवर निर्णय घेऊ नका: उलटसुलट परिणाम एकमेकांना खोडतात, म्हणूनच केवल मूल्य घ्यायचं.

यादीत एक खोटं इनपुट घाला, ज्याचा मॉडेलशी काहीच संबंध नाही. त्याला जेवढा परिणाम दिसेल तेवढा तुमचा गोंगाट. त्याच्या आसपास असलेल्या कोणत्याही इनपुटबद्दल ठाम बोलू नका.

पायरी ८: मुख्य विश्लेषण

समजा चाळणीतून १२ इनपुट उरले. आता दोन रस्ते आहेत.

पहिला, लॅटिन हायपरक्यूबने (प्रत्येक पल्ल्याचे सारख्या शक्यतेचे भाग पाडून प्रत्येक भागातून आकडा घेण्याची पद्धत) संच ओढून आंशिक क्रम-सहसंबंध (बाकी इनपुटचा परिणाम वगळून, आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांवर काढलेला सहसंबंध) काढणं. हा स्वस्त आहे, आणि नासाच्या मॉडेलवरच्या संवेदनशीलता अभ्यासातही क्रमांवर आधारित अशाच पद्धती वापरल्या गेल्या. अट एकच: इनपुट वाढलं की आउटपुट एकाच दिशेने जायला हवं. आधी प्रत्येक इनपुटचा बिंदू-आलेख डोळ्यांनी पाहा. बिंदू चढून मग उतरत असतील तर सहसंबंध शून्याजवळ येईल आणि खरा महत्त्वाचा घटक निसटेल.

दुसरा, सोबोल निर्देशांक: आउटपुटच्या विचलनातला किती वाटा कोणत्या इनपुटचा हे ते सांगतात. मूळ नमुना १,०२४ घेतला तर १,०२४ गुणिले (१२ अधिक २), म्हणजे १४,३३६ संच. प्रत्येकात १०,००० मोहिमा म्हणजे १४ कोटी ३३ लाखांहून जास्त मोहिमा. म्हणूनच आधी चाळणी. नमुना दोनच्या घातात ठेवा, संच ओढायला वापरल्या जाणाऱ्या सोबोल क्रमिकेची मांडणी त्यावरच उभी आहे. पायथनमध्ये ‘सॅलिब’ हे पॅकेज मॉरिस आणि सोबोल या दोन्ही पद्धती चालवतं.

घरच्या लॅपटॉपवर हे रात्रभर चालतं. उन्हाळ्यात दुपारी सुरू करू नका, तापलेला प्रोसेसर वेग उतरवतो. दर शंभर संचांनंतर निकाल फाइलमध्ये लिहा, म्हणजे वीज गेली तरी काम वाया जात नाही.

आउटपुट शक्यता असेल आणि ती कितीतरी पटींत पसरलेली असेल, तर विश्लेषण तिच्या लॉगवरही करा. नाहीतर दोन-चार टोकाचे संच सगळं विचलन खाऊन बसतात. दोन्ही क्रमवाऱ्या वेगळ्या आल्या तर दोन्ही छापा.

सोबोल पद्धत इनपुट परस्परांपासून स्वतंत्र आहेत असं धरते. तुमचे दोन दर एकाच गुणकावर टेकलेले असतील तर ते दर सुटे टाकू नका, गुणकच इनपुट म्हणून द्या.

पायरी ९: निकाल स्थिर झाला का?

नमुना ५१२, १,०२४ आणि २,०४८ करून पाहा. बूटस्ट्रॅपने, म्हणजे मिळालेल्या निकालांतूनच पुन्हापुन्हा नमुने ओढून, प्रत्येक निर्देशांकाचा विश्वास-पल्ला काढा. दोन इनपुटचे पल्ले एकमेकांवर चढत असतील तर त्यांना पहिला-दुसरा नंबर देऊ नका, एकाच गटात ठेवा. एकूण निर्देशांक (इनपुटचा एकट्याचा आणि इतरांशी गुंतून होणारा परिणाम मिळून) पहिल्या क्रमाच्या निर्देशांकापेक्षा (फक्त एकट्याचा परिणाम) लहान आला तर ते सिद्धान्ताप्रमाणे अशक्य आहे, म्हणजे नमुना अपुरा आहे. किंचित उणे आलेला निर्देशांक गुपचूप शून्य करू नका, जसा आहे तसा पल्ल्यासह द्या.

पायरी १०: गुंतागुंत शोधा

एकूण निर्देशांक आणि पहिल्या क्रमाचा निर्देशांक यांत मोठी दरी असेल तर खरी गोष्ट तिथे असते. या मॉडेलमध्ये ती दरी बहुतेकदा पेटीतून येते. प्रतिजैविकाचे तीन कोर्स आहेत. त्वचेच्या संसर्गाने दोन संपवले, मूत्रमार्गाच्या संसर्गाने एक. आता दाताला गळू झालं की ते विनाउपचार राहतं, आणि परतण्याची वेळ येते. त्वचेचा संसर्ग स्वतः कोणाला परत पाठवत नाही, गळू एरवी आटोक्यात राहतं. एका वेळी एक इनपुट हलवणाऱ्या आडव्या पट्ट्यांना हे कधीच दिसणार नाही, कारण बाकी सगळं मध्यावर असताना पेटी संपतच नाही.

म्हणून तातडीने परतलेल्या मोहिमा वेगळ्या काढा आणि त्यांतल्या वीस-पंचवीस ओळीने वाचा: काय घडलं, कधी घडलं, पेटीत त्या क्षणी काय नव्हतं. एवढं वाचन टाळून निर्देशांकाचा अर्थ लावता येत नाही. सामायिक सामान सापडलं की त्याची संख्या वाढवून, नवा पर्याय म्हणून, विश्लेषण पुन्हा चालवा.

पायरी ११: अहवालात काय लिहायचं

वरच्या निर्देशांकाचा अर्थ ‘हा आजार सर्वांत धोकादायक’ असा लिहू नका. अर्थ एवढाच की आपल्या उत्तरातली अनिश्चितता सर्वांत जास्त या आकड्याच्या अज्ञानातून येते. एखादा आजार फार धोकादायक असून त्याचा दर पक्का माहीत असेल, तर तो तळाला दिसेल. म्हणून शेजारी दुसरा तक्ता द्या: एकूण जोखमीत प्रत्येक आजाराचा वाटा. संशोधनाचा पैसा कुठे घालायचा हे पहिला तक्ता सांगतो, औषधं कोणती न्यायची याकडे दुसरा बोट दाखवतो.

नासाच्या ७००९ क्रमांकाच्या मानकात मॉडेलची विश्वासार्हता ठरवताना इनपुटचं मूळ, निकालाची अनिश्चितता आणि निकालाचा टिकाऊपणा हे वेगवेगळे निकष आहेत. तीच तीन शीर्षकं घ्या. पहिल्याखाली पायरी २ चा तक्ता जसाच्या तसा जोडा, दुसऱ्याखाली आउटपुटचा पल्ला, तिसऱ्याखाली निर्देशांक. सोबत सीड, पॅकेजची आवृत्ती, आतल्या-बाहेरच्या फेऱ्यांची संख्या, खोट्या इनपुटचा निर्देशांक आणि चाळणीत गळलेल्या इनपुटची नावं द्या.

आणि पेटी, क्रू किंवा कालावधी बदलला तर पायरी ६ पासून सगळं पुन्हा चालवा. १८० दिवसांच्या मोहिमेची क्रमवारी मंगळाच्या मोहिमेच्या अहवालात चिकटवू नका. तिथे तातडीने परतण्याचा रस्ताच नसतो, त्यामुळे ते आउटपुट गळून पडतं आणि प्रश्नाचं वाक्यच नव्याने लिहावं लागतं.